आयन बाहेर येईनात म्हणून १० केव्हीचा (किलोव्होल्टचा) सप्लाय? नको

भावा, तुझा सेटअप दोनदा वाचला. कॅथोडच्या भोकातून आयनांचा, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अधिक भाराच्या अणूंचा, बीम काढून त्याचा करंट मोजायचाय तुला. आर्गॉनची काचेची नळी, १ मिमी भोक पाडलेला ॲल्युमिनियमचा कॅथोड उणे २ केव्हीवर, ॲनोड अर्थला (जमिनीला, शून्य व्होल्टला) जोडलेला, कॅथोडच्या मागं मीटरमधून अर्थ केलेली प्लेट आणि सगळं एकाच रोटरी पंपावर, ०.१ मिलीबारला. जांभळा उजेड झकास पडतोय, पण काटा कधी अधिक कधी उणे, मधेच फाटकन आर्क (मोठ्या करंटची ठिणगी), म्हणून १० केव्ही बघायला लागलायस. घेऊ नको. आर्क अजून जोरात होतील, दुसरं काही नाही.

आधी वायरिंग. आयन तयार होतात ते ॲनोडच्या आसपासच्या व्होल्टेजला, म्हणजे तुझ्याकडं जवळजवळ शून्याला. कॅथोडकडं पळत येतात, भोकातून पलीकडं जातात आणि पुढं प्लेट परत शून्यावरच, म्हणजे कमावलेली एनर्जी तिथवर पोचेतो सगळी गेली, वाटेत एक टक्कर झाली की प्लेट गाठायचा विषयच संपला. कॅथोडच्या पाठीवरनं सुटलेले इलेक्ट्रॉन मात्र निवांत प्लेटवर जातात, तो तुझा उणे करंट. भोकाच्या मागंपण जांभळं दिसतंय म्हणालास ना, तो कॅथोड आणि प्लेटमधला दुसराच डिस्चार्ज आहे. कॅथोड अर्थ कर, ॲनोडला अधिक २ केव्ही दे, हे निम्मं दुखणं तिथंच जातं.

आर्क होतात कारण तू बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे करंट अडवायला सिरीजमध्ये लावायचा रेझिस्टर, लावलेलाच नाही. ग्लोमध्ये, म्हणजे त्या जांभळ्या डिस्चार्जमध्ये, करंट वाढला तरी व्होल्टेज फारसं वाढत नाही, त्यामुळं अडवणारं काही नसलं की करंट वाढत वाढत आर्कवर जातो. नळीवर ५०० व्होल्ट धरले आणि १० मिलीअँप हवेत तर उरलेल्या १५०० व्होल्टला १५० किलोओहम, म्हणजे १५ वॉट. १५ किलोओहम ५ वॉटचे दहा सिरीजमध्ये लाव, एकच मोठा लावायच्या भानगडीत पडू नको.

आता खरी अडचण, प्रेशर. डिस्चार्जला ०.१ मिलीबार लागतं आणि बीमला तेच नको असतं. ०.१ ला मीन फ्री पाथ, म्हणजे दोन टकरींमधलं सरासरी अंतर, पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही, ०.०००१ ला तो ६०-७० सेंमीवर जातो. म्हणून भोकाच्या दोन्ही बाजूंना वेगळं प्रेशर ठेवायचं. १ मिमी भोकातून आर्गॉन सेकंदाला जेमतेम ०.०८ लिटर जातो, मागं सेकंदाला १०० लिटर ओढणारा डिफ्यूजन पंप (तेलाच्या वाफेच्या झोतानं गॅस ओढणारा) असला की ०.०००१ च्या आसपास आरामात येतं, एकट्या रोटरीवर ते होणार नाही. डिपार्टमेंटात थिन फिल्मवाल्यांकडं जुनं कोटिंग युनिट असेल तर त्यांना मस्का लाव, त्यात हा पंप असतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गोल्डस्टाइननं १८८६ ला भोकं पाडलेल्या कॅथोडमागं किरण बघितले ते असल्याच नळीत, पण तो नुसता उजेड बघत होता, तुला करंट मोजायचाय.

आणि मोजलेला अधिक करंट म्हणजे सगळे आयनच असं धरू नको. आर्गॉनचा आयन वाटेतल्या अणूकडनं इलेक्ट्रॉन घेतो आणि स्वतः वेगवान न्यूट्रल होऊन प्लेटवर आदळतो, तिथनं इलेक्ट्रॉन उडवतो, मीटरला तोपण अधिकच दिसतो. सपाट प्लेट काढून खोल कप लाव, तोंडाशी उणे १०० व्होल्टची रिंग, म्हणजे उडालेले इलेक्ट्रॉन परत कपातच ढकलले जातील. रिंग लावल्यावर आकडा निम्म्यावर आला तर नाराज होऊ नको, तोच खरा.

पिरानी गेज (प्रेशर मोजायचं मीटर) हवेवर कॅलिब्रेट असतं, आर्गॉनला खरं प्रेशर दिसतंय त्याच्या साधारण १.६-१.७ पट धर. पावसाळ्यात इथली हवा म्हणजे नुसतं पाणी, रोटरी पंप सुरू केल्यावर त्याचा गॅस बॅलास्ट (पाण्याची वाफ बाहेर काढायला थोडी हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) अर्धा तास उघडा ठेव, नाहीतर तेलात पाणी बसतं आणि लीक शोधण्यात दिवस जातो.

२ केव्ही १० मिलीअँप जीव घ्यायला पुरेसं आहे हे विसरू नको, सप्लाय बंद केल्यावरपण अर्थ केलेली काठी ॲनोडला टेकवल्याशिवाय हात घालायचा नाही.

भोकाची प्लेट (कॅथोड) उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, कुठल्याही लेथवर होईल. फक्त भोकाच्या काठावर राहिलेली धातूची खरबरीत धार (बर) काढून पॉलिश करून घे, ती राहिली की आर्क नेमका तिथंच धरतो.