कुणाला कळू न देता दहावी

‘मॅडम, कुणाला न कळता दहावी करता येईल का?’

मी समुपदेशक. पस्तिशी-चाळिशीतली माणसं माझ्याकडे शिक्षणाचा विषय काढतात तेव्हा ‘अभ्यास झेपेल का’ हा प्रश्न नंतर येतो, हा आधी. विचारणारे कधी भुसावळचे असतात, कधी शहाद्याकडचे. बाई असली तर सासरी कळू नये असं वाटत असतं, पुरुष असला तर बायकोपोरांना. कागदोपत्री उत्तर ‘हो, येईल’ असंच आहे. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, त्यावर घरच्या कुणाची सही लागत नाही. तरीही मी लगेच हो म्हणत नाही. का, ते एका भाऊंच्या अनुभवावरून सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

भाऊ मूळचे चाळीसगाव तालुक्यातले, वय 41. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मशीन ऑपरेटर. माझ्याकडे आले ते झोप उडाली म्हणून. रात्रपाळी नसली तरी पहाटे तीनला टक्क जागे, छातीत धडधड. डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवलं. टेन्शन कसलं, ते पहिल्या भेटीत त्यांनी मलाही सांगितलं नाही. पाळ्यांबद्दल बोलले, घरभाडं, मुलाच्या क्लासची फी, सगळं झालं. वेळ संपली, उठले, आणि दारात चप्पल घालता घालता म्हणाले, ‘कंपनीनं सगळ्यांचे कागद ऑनलाइन चढवायला सांगितलेत.’ आमच्या कामात खरी गोष्ट बहुतेक वेळा अशी दारातच निघते.

पुढच्या भेटीत उलगडा झाला. सुपरवायझरची जागा रिकामी होणार होती आणि तिला किमान दहावी हवी होती. भाऊंनी नोकरीला लागताना ‘दहावी पास आहे, मार्कशीट गावाला आहे’ असं तोंडी सांगितलेलं. कुणी मागितली नाही, यांनी विषय काढला नाही. त्याच्याही आधी लग्नाच्या बोलण्यात हेच झालं होतं. मुलगी बारावी झालेली. तिच्या वडिलांनी मुलगा निदान मॅट्रिक हवा म्हटलं, आणि मध्यस्थानं ‘हो हो, झालाय’ म्हणून टाकलं. भाऊ तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत, ते आजवर.

शाळा खरं तर नववीत सुटली. आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की गाव सोडायचं, ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला परत. मोठ्या बहिणीच्या लग्नासाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली होती, ती फेडायला घरात आणखी हात हवे होते. आठवीच्या वर्षी भाऊंनी दप्तर ऊसतोडीच्या खोपीवर, म्हणजे झोपडीवर, नेलं होतं. नववीत नेलं नाही.

‘आते या वयमा कसाले शाळा, अशे म्हनतीन लोके,’ ते म्हणाले. एरवी माझ्याशी जपून, पुस्तकी बोलायचे. लाज वाटली की अहिराणीवर यायचे.

कंपनीबाहेरच्या टपरीवर एकानं त्यांना मार्ग दाखवला होता. पैसे भरा, परीक्षेला बसायची गरज नाही, पंधरा दिवसांत कुठल्याशा परराज्यातल्या बोर्डाचं सर्टिफिकेट हातात. भाऊंनी निम्मे पैसे बाजूला काढूनही ठेवले होते. ‘तुम्हाला याबद्दल काय वाटतं?’ असले समुपदेशकी प्रश्न मी इथे विचारत बसले नाही. परीक्षा न घेता दहावी देणारं मंडळ खरं नसतं. कागद पडताळणीला गेला की पकडला जातो, आणि मग बढतीचं सोडाच, बनावट कागद वापरल्याचा गुन्हा अंगावर येतो. एवढं स्पष्ट सांगितलं आणि तो विषय तिथेच संपवला.

सरळ रस्ते दोन आहेत. पहिला 17 नंबरचा फॉर्म. शाळेतली मुलं देतात तीच राज्य मंडळाची दहावी, फक्त खासगी विद्यार्थी म्हणून. आपले जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात. फॉर्म ऑनलाइन भरताना जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची आणि कागद तिथे नेऊन द्यायचे. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, राहिलेल्या विषयांची पुरवणी परीक्षा नंतर. यात गणित आणि विज्ञान सुटत नाहीत. दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, लोक एनआयओएस म्हणतात ती. 1989 पासूनची, केंद्र सरकारची. इथे पाच विषय पुरतात, गणित घेतलंच पाहिजे असं नाही, माध्यम मराठी घेता येतं, उत्तीर्ण व्हायला 33 टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एका वेळी झेपतील तेवढेच विषय द्यायचे, कारण नोंदणी 5 वर्षं चालते आणि त्यात 9 संधी असतात. वयाची वरची अट दोन्हीकडे नाही.

पुढे आयटीआय किंवा सरकारी भरती डोक्यात असलेल्या तरुणाला मी बहुतेक वेळा 17 नंबर सुचवते. एनआयओएसची दहावीही मान्य असते, पण आपल्याकडच्या एखाद्या खिडकीवरचा बाबू तो कागद उलटसुलट करून बघत बसतो, आणि गणित-विज्ञान सोडलं असेल तर काही दारं खरोखरच बंद होतात. पाळीपाळीनं काम करणाऱ्या, संसारातल्या माणसाला मात्र एनआयओएस सोयीचं पडतं. भाऊंनी तेच घेतलं.

त्यांची योजना अशी होती: पुस्तकं मित्राच्या खोलीवर, अभ्यास पाळी सुटल्यावर तिथेच, घरी सांगायचं ओव्हरटाइम आहे. मी म्हटलं, बरं, करू या हिशोब. ओव्हरटाइम म्हटला की घरी जास्तीचा पगार दिसायला हवा, तो कुठून आणणार? गृहपाठ लिहून द्यावे लागतात, त्यांना 20 टक्के गुण असतात, ते कधी लिहिणार? परीक्षेचे दिवस एका ओळीत नसतात, महिनाभर पसरलेले असतात. प्रत्येक दिवशी रजा घ्यायची, म्हणजे कंपनीत एक थाप आणि घरी दुसरी. केंद्र जळगावलाच मिळेल याची खात्री नाही. भाऊ बोटं मोजत गेले आणि मध्येच हसायला लागले. ‘मॅडम, अभ्यासापेक्षा याचंच टाइमटेबल मोठं व्हयनं.’

पहाटे तीनला त्यांना जाग येत होती ती परीक्षेच्या भीतीनं नव्हे. परीक्षा तर तेव्हा कशातच नव्हती. सतरा वर्षं कुणी ‘कितवी शिकलात?’ विचारायच्या आत विषय बदलत राहायचं, ते आता जमेनासं झालं होतं. त्यात आणखी एक लपवाछपवी घातली असती, तर पहिला बळी अभ्यासाचाच गेला असता. म्हणून माझा सल्ला आधी घरात सांगण्याचा होता, निदान एका माणसाला.

हा सल्ला मी सरसकट देत नाही. ज्या घरात पुस्तक चुलीत जाईल, मार खावा लागेल, त्या घरातल्या बाईला मी उलटंच सांगते: आधी कागद माहेरी किंवा मैत्रिणीकडे सुरक्षित ठेव, फॉर्म भर, हॉलतिकीट हातात येईपर्यंत तोंड उघडू नकोस. लाज आणि धोका यांत फरक करावा लागतो. भाऊंच्या घरी धोका नव्हता.

त्यांनी बायकोला सांगितलं. मग बरेच दिवस घरात कामापुरतं बोलणं होतं. नंतरच्या एका भेटीला ताई स्वतः आल्या. खुर्ची थोडी लांब ओढून बसल्या आणि माझ्याकडे बघूनच बोलल्या. ‘मला डी.एड. करायचं होतं. हे म्हणाले, घरात एक शिकलेला माणूस कमावतोय, तेवढं बस. शिकलेला कोण होता?’

भाऊंकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. मी तो राग विझवायचा प्रयत्न केला नाही, तो रास्त होता. नवरा-बायको समोर बसले की पाच मिनिटांत समेट घडवून आणायचा मोह होतो, तो आवरावा लागतो. भाऊंना मनातून वाटत होतं की बायको आता शिकवायला बसेल. ताईंनी तेही तिथेच मिटवलं: ‘मी शिकवणार नाही. शिकायचं तर स्वतः शिका.’ घरात टीव्ही मात्र नऊनंतर बंद व्हायला लागला, असं भाऊंनी पुढे सांगितलं.

मग दाखला. एनआयओएसला आठवी पास असल्याचा कागद किंवा स्वयंघोषणापत्र चालतं, पण मी शाळा सोडल्याचा दाखला काढायला सांगतेच. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळवून घ्यायला तो लागतो. आपल्याकडे हा घोळ फार. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या गावाला 1 जून ही जन्मतारीख देऊन टाकलेली असते, आणि आधारवर कुणी भलतीच सांगितलेली. प्रमाणपत्र छापून आल्यावर दुरुस्तीला धावण्यापेक्षा नोंदणीच्या आधी हे उरकलेलं बरं. मूळ दाखला हरवला असेल तर शाळा जनरल रजिस्टरवरून दुसरी प्रत देते, त्यासाठी अर्ज करावा लागतो. 17 नंबरला दुसरी प्रत जोडायची असेल तर प्रतिज्ञापत्रही लागतं.

भाऊ गावी जाऊन प्रत घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवून एका रकान्यावर बोट ठेवलं. शाळा सोडण्याचे कारण: ‘सतत गैरहजर’. खाली वर्तणूक: ‘चांगली’. ‘गैरहजर!’ ते म्हणाले. ‘मॅडम, मी उसाच्या पाचटात पहाटे चारला हजर होतो.’ इतक्या भेटींत त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला होता. मला बरं वाटलं. तोवर ते शाळा सुटल्याचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसले होते, ‘मीच ढ होतो’ असं म्हणायचे.

अभ्यासाची सुरुवात मी पुस्तकानं करू देत नाही. इतकी वर्षं सही आणि पाळीच्या रजिस्टरपलीकडे हात चाललेला नसतो, आणि परीक्षेत तासन् तास लिहायचं असतं. येणारं उत्तरही हात दुखल्यामुळे अर्धवट राहतं. म्हणून पहिला महिना रोज एक पान, विषय काहीही. भाऊंनी ऊसतोडीवर लिहिलं: मुकादम, उचल, मोळ्या, थंडीत गारठलेल्या बोटांत कोयता कसा धरायचा ते. पहिलं पान दाखवताना त्यांनी कोपरानं अर्धं झाकून धरलं होतं, शेजारच्यानं बघू नये म्हणून वर्गात मुलं धरतात तसं. अक्षर मोठं, ओळ उजवीकडे वर चढत जाणारी. महिन्याअखेरीस एका बैठकीत दोन पानं होऊ लागली.

विषय निवडताना गणित सोडा, असं माझं मत होतं. त्यांनी ऐकलं नाही. मुलगा सातवीत आहे, तो विचारतो, हे त्यांचं कारण. मशीनवर स्क्रॅपची टक्केवारी तोंडी काढणारा माणूस वहीत क्ष दिसला की थबकायचा, हेही खरं होतं. मराठी, हिंदी, सामाजिक विज्ञान, विज्ञान आणि गणित असे पाच घेतले, पण पहिल्या खेपेला तीनच दिले. एप्रिलच्या उन्हात, खानदेशातल्या, रात्रपाळी करून थेट पेपरला जाणं काय असतं ते मी वेगळं सांगत नाही.

कंपनीतही त्यांनी सांगून टाकलं: दहावी नाही, करतो आहे. त्यांनी आजवर कुठेही खोटं लिहून दिलेलं नव्हतं, म्हणून हे सोपं गेलं. कुणी फॉर्मवर सही करून चुकीची माहिती दिली असेल, तर साहेबांकडे जाण्याआधी वकिलाला विचारावं. भाऊंची नोकरी राहिली. सुपरवायझरची जागा दुसऱ्याला मिळाली, आणि तो त्यांच्याहून सहा वर्षांनी ज्युनियर आहे. याचं त्यांना वाईट वाटतं, आणि ते वाटू नये म्हणून माझ्याकडे काही औषध नाही.

तिन्ही विषय निघाले, मराठीत सगळ्यात जास्त गुण. झोप पूर्ण सुधारली नाही, पण आता जाग आली तर ते दिवा लावून विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसतात, असं ताईच म्हणाल्या. त्या हल्ली अधूनमधून एकट्या येतात. बारावीनंतर इतक्या वर्षांच्या खंडानं मुक्त विद्यापीठातून बी.ए. करता येतं का, हे विचारायला. येतं. गणित आणि विज्ञानासाठी भाऊंनी ऑक्टोबरचा परीक्षा फॉर्म भरला आहे.