गोळी चालू असताना अंगावर पाजावे का?

प्रश्न : माझे बाळ सहा आठवड्यांचे आहे. उजवा स्तन लाल होऊन ठणकू लागला आणि ताप आला, तेव्हा डॉक्टरांनी सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविक व आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी लिहून दिली. गोळ्यांच्या कागदावर ‘स्तनदा मातांनी टाळावे’ असे वाचल्यापासून, म्हणजे दोन दिवस, मी दूध पिळून टाकते आहे व बाळाला पावडरचे दूध देते आहे. सिझेरियननंतरच्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्याही शिल्लक आहेत. फारच दुखले तर एखादी घेतली तर चालेल का?

उत्तर : दूध टाकणे आजच थांबवा आणि बाळाला पुन्हा अंगावर घ्या. आईच्या पोटात गेलेले औषध आधी रक्तात आणि मग दुधात उतरते, हे खरे. पण किती उतरते, हा खरा प्रश्न आहे. आईला तिच्या वजनाच्या मानाने जेवढे औषध मिळते, त्याच्या 10 टक्क्यांहून कमी मात्रा बाळाला त्याच्या वजनाच्या मानाने दुधातून मिळत असेल, तर पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळासाठी ती सहसा चालण्याजोगी मानतात. तुमची दोन्ही औषधे या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहेत. कागदावरचा तो इशारा बहुधा कंपनीची सावधगिरी असते, धोका सिद्ध झाल्याची खूण नव्हे.

दूध पिळून टाकल्याने औषध लवकर निघून जाते, हाही गैरसमजच आहे. रक्तातले प्रमाण उतरले की दुधातले औषध बहुतांशी आपोआप रक्तात परतते. उलट, दुखऱ्या बाजूला पाजणे एकाएकी थांबवल्यास दूध साचून दुखणे वाढते, आणि पू धरण्याचा धोकाही असतो. त्या बाजूचे दूध बाळाला अपायकारक नसते. बाळाच्या भुकेप्रमाणे दोन्ही बाजूंना पाजा, मात्र स्तन रिकामा करण्याच्या हट्टाने जास्तीचे पिळू नका, कारण त्याने दूध अधिक तयार होते आणि सूज रेंगाळते.

ट्रॅमाडॉलला मात्र हात लावू नका. काही स्त्रियांचे यकृत त्याचे रूपांतर अधिक तीव्र द्रव्यात फार झपाट्याने करते, ते दुधात उतरते आणि बाळ गुंगीत जाऊन त्याचा श्वास मंदावू शकतो. याच कारणाने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये स्तनदा मातांनी ट्रॅमाडॉल व कोडीन घेऊ नये, असा इशारा दिला. दुखणे आवरत नसेल तर पॅरासिटामॉल जोडता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रीन असेल तर दूध कमी होऊ शकते, तेव्हा तीही परस्पर घेऊ नका. मेथोट्रेक्सेट, कर्करोगावरील औषधे, किरणोत्सारी आयोडीन ही मात्र निराळ्या गटातली आहेत. तेथे पाजणे थांबवण्याचाच सल्ला बहुधा मिळतो.

सेफॅलेक्सिनमुळे क्वचित बाळाला पातळ शी होऊ शकते किंवा जिभेवर पांढरा थर येऊ शकतो. तसे झाल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवा, पण त्यासाठी पाजणे बंद करू नका. औषध सुरू करून 48 तास झाले तरी ताप हटला नसेल, किंवा स्तनात मऊ, दुखरी गाठ हाताला लागत असेल, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तपासून घ्या.