डेन्व्हर नगेट्सवर मराठी पॉडकास्ट कसा सुरू करावा?

एक जण साताऱ्यात, दुसरा सांगलीत; हाताशी दोन मोबाइल आणि एक लॅपटॉप. एवढ्यावर नगेट्सच्या, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या डेन्व्हरच्या संघाच्या, प्रत्येक सामन्यानंतर एक भाग काढता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल, पण त्या फंदात पडू नका. नियमित हंगामात 82 सामने असतात, आठवड्याला तीन-चार. दिवाळीचा उत्साह संक्रांतीपर्यंत टिकत नाही. आठवड्याला एकच भाग ठेवा, 40 मिनिटांच्या आत.

वार ठरवताना डेन्व्हरचं घड्याळ बघा. तिथला रात्री 7 चा सामना आपल्याकडे थंडीत दुसऱ्या दिवशी सकाळी 7:30 ला सुरू होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे गेली की 6:30 ला. त्यांचा शनिवारचा सामना इथे रविवारी सकाळी संपतो, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी रेकॉर्ड केलेला भाग चहाच्या वेळेलाच शिळा होतो. रविवारी दुपारी बसा, रात्री टाका.

आता आवाज. कॉलच रेकॉर्ड करू नका. नेटवर्क आवाज दाबून पाठवतं. बोलणं कॉलवर करा, पण ज्याने त्याने आपला आवाज आपल्याकडे टिपा. इथे बहुतेक जण अडकतात: कॉल चालू असलेल्या अँड्रॉइड फोनवर रेकॉर्डरही लावला, तर बऱ्याचदा फाइल पूर्ण लांबीची मिळते आणि आत शुकशुकाट. म्हणून कॉल एका यंत्रावर, रेकॉर्डिंग दुसऱ्यावर, तेही विमान मोडवर. ज्याच्याकडे लॅपटॉप नाही त्याने घरातला आणखी एक फोन तासभर मागून घ्यावा. कॉल इअरफोनवरच ऐका, नाहीतर मित्राचा आवाज तुमच्या फाइलमध्ये शिरतो. ब्लूटूथच्या माइकवर मात्र रेकॉर्ड करू नका, आवाज टेलिफोनसारखा चिंचोळा होतो.

सुरुवातीला आणि शेवटी तीन मोजून दोघांनी टाळी वाजवा. पहिल्या टाळीवर फाइली जुळवा; कॉलवर आवाज जरा उशिरा पोहोचतो, तेव्हा उरलेला फरक कानाने काढा. शेवटची टाळी पुढेमागे झाली असेल तर दोन फोनची घड्याळं सरकलीत. मध्ये एखाद्या विरामावर कापून एक फाइल सरकवली की झालं.

शहाबादी फरशी आणि मोकळ्या भिंती असलेली खोली घुमते, आणि घुमलेला आवाज नंतर नीट काढता येत नाही. गाद्या-गोधड्यांची खोली निवडा, पंखा बंद, फोन वीतभर अंतरावर, तोंडाच्या जरा बाजूला. रस्त्याकडची खोली नको: उसाचा हंगाम आणि एनबीएचा हंगाम बराचसा एकाच वेळी चालतो, आणि ट्रॅक्टरवरची गाणी तुम्हाला माहीतच आहेत.

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 80 हर्ट्झचा हाय-पास (खालची घरघर काढणारा फिल्टर), हलका कॉम्प्रेसर (मोठा-लहान आवाज जवळ आणणारा), शेवटी लाउडनेस, म्हणजे एकूण आवाजाची पातळी. मोनो (एकाच चॅनेलचा आवाज) असेल तर उणे 19 एलयूएफएस, हे त्या पातळीचं माप. नॉइज रिडक्शन 6 डेसिबलच्या आसपास पुरे, जास्त केलं की माणूस हौदातून बोलल्यासारखा वाटतो. मोनो एमपी3, 96 केबीपीएस. 40 मिनिटांची फाइल 29 एमबीच्या आसपास होते.

मजकुरात खरी गंमत आहे. संघाचा मुख्य खेळाडू निकोला जोकिच 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 41 वा निवडला गेला, 2023 ला संघाने पहिलं विजेतेपद मिळवलं, हे पहिल्या भागात सांगून मोकळे व्हा. नंतर दर आठवड्याला जोकिच बाकावर असतानाची मिनिटं तपासा. नगेट्सची आघाडी अनेकदा तिथेच गळते. फक्त एका सामन्याच्या प्लस-मायनसवरून (खेळाडू मैदानात असताना संघाने कमावलेल्या आणि गमावलेल्या गुणांचा फरक) कुणाला फाशी देऊ नका, चार-पाच सामने एकत्र धरा. जमाल मरे आणि जोकिच या जोडीचा डाव सांगताना आधी चेंडू कुठे आहे ते सांगा, मग कोण कुठे धावलं. ऐकणाऱ्यासमोर मैदान नसतं.

समालोचनाचे तुकडे, संघाचा लोगो, प्रक्षेपणातले फोटो वापरू नका. कव्हर 3000 बाय 3000 पिक्सेलचं करा, त्यावर ‘चाहत्यांचा, अनधिकृत’ असं स्पष्ट लिहा. आणि आरएसएस फीडमध्ये (पॉडकास्टचे भाग अ‍ॅपपर्यंत पोहोचवणारी सार्वजनिक यादी) दिलेला ईमेल कुणालाही दिसू शकतो, तेव्हा बँकेला जोडलेला पत्ता तिथे न देता नवा काढा.