ब्रेकसाठी पैसे काढा, पण आधी कार्डाची थकबाकी मिटवा

कोल्हापूरच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: वय 29, हातात पगार 36,000, घरी आई. यामाहाची 250 सीसीची 2019 ची बाइक, दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. महिन्यातून एकदा आंबा घाटातून रत्नागिरीला जाणं होतं आणि उतारावर ब्रेकचं लिव्हर मऊ लागतं. मेकॅनिकने पुढे-मागे स्टीलच्या विणीचे ब्रेक होज, म्हणजे ब्रेक ऑइल नेणाऱ्या नळ्या, बसवायला 9,000 सांगितले आहेत. कार्डावर 22,000 थकीत, बचत खात्यात 45,000, म्युच्युअल फंडातली एसआयपी महिना 4,000 ची. 'कार्डावर हप्ते करून घेऊ, की तीन महिने एसआयपी थांबवू?' असं त्यांनी विचारलं आहे.

कार्डावर अजिबात घेऊ नका. मागची बाकी उभी असताना नवीन खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, व्याज त्याच दिवसापासून लागतं. हप्ते करून घेतले तरी त्यावर व्याज, प्रोसेसिंग फी आणि जीएसटी आलाच. तुमच्या कार्डाचा दर महिना 3.5 टक्के आहे, म्हणजे 22,000 वर 770 रुपये, वर 18 टक्के जीएसटी धरून सुमारे 909. बाकी अशीच राहिली तर दर दहा महिन्यांना अख्ख्या ब्रेक होजच्या सेटइतकी रक्कम नुसत्या व्याजात जाते. इकडे बचत खात्यात 45,000 जेमतेम व्याजावर पडून आहेत. आजच त्यातून 22,000 भरून कार्ड शून्यावर आणा. मिनिमम ड्यू नव्हे, पूर्ण रक्कम.

आता ब्रेक. हा खर्च हौसेचा आहे असं मी म्हणणार नाही. घाट उतरणाऱ्या माणसाला लिव्हरवर भरवसा हवाच. पण लिव्हर मऊ लागण्याचं कारण होजच असेल असं नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट 4 या ग्रेडच्या ऑइलला नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअसचं प्रमाण आहे, ओलावा धरल्यावर तेच 155 वर येतं. लांब उतारावर सतत ब्रेक धरला की जुन्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर आत जातं. सपाट रस्त्यावर ठीक आणि घाटात मऊ, ही तुमची तक्रार मला याच्याशी बरीच जुळती वाटते.

म्हणून पहिला खर्च लहान करा: ऑइल बदलणं, एअर म्हणजे नळ्यांत अडकलेली हवा काढणं, पॅड तपासणं. पॅड बदलायची वेळ आली नसेल तर हे काम हजार-बाराशेत व्हायला हवं. मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे लिव्हर दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागाच्या झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच घ्या आणि बाटली तुमच्यासमोर फोडायला लावा. त्याआधी गॅरेजमध्ये उभं राहून दोन गोष्टी बघा. लिव्हर दोन-तीनदा मारल्यावर घट्ट होत असेल तर आत हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू मुठीकडे सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं सील गेलं आहे; मग नवे होज घालूनही फरक पडणार नाही. पुढचं टायरही बघा. त्यावरच्या चार आकडी तारखेत 2319 असेल तर ते 2019 च्या 23 व्या आठवड्यातलं आहे. टायर मूळचंच असेल तर पैशांवर पहिला हक्क त्याचा. स्टीलच्या होजने लिव्हर घट्ट होतं, ब्रेक किती लागतोय याचा अंदाज बोटांना नीट येतो; रस्त्यावर पकड मात्र टायरच धरतं.

तरीही होज बदलावे लागतील असं मला वाटतं. यामाहाच्या पुस्तिकेत ऑइल दर 2 वर्षांनी आणि होज दर 4 वर्षांनी बदलायला सांगितलं आहे. तुमचे मूळचे असतील तर ती मुदत केव्हाच उलटली. हँडलजवळ होज जिथे वळतो तिथे बारीक भेगा किंवा ओलसरपणा दिसला तर घाटात जाऊच नका, आधी बदला.

म्हणजे खर्च होणारच आहे, आणि तुमचा खरा निर्णय 9,000 चा नाही. कंपनीच्या रबरी होजचा भाव लेखी घ्या. समजा तो मजुरीसह 3,500 निघाला, तर स्टीलसाठी तुम्ही 5,500 जास्त देताय, एवढंच ठरवायचं आहे. वर्षभरात गाडी विकणार असता तर मी रबरी घ्या म्हटलं असतं, कारण विकताना या पैशांचा मोबदला मिळत नाही. पण पुढे कार घेतली तरी बाइक ठेवणार असं तुम्ही लिहिलंय आणि घाट दर महिन्याचा आहे. 5,500 रुपये इथे घालायला माझी हरकत नाही.

पैसे बचत खात्यातून द्या. कार्ड मिटवून 23,000 उरतात, सर्व्हिस आणि होज झाले की तेरा हजारांच्या आत. आई तुमच्यावर अवलंबून असताना ही शिल्लक फार कमी आहे, म्हणून एसआयपी तीन महिने थांबवा आणि ते 12,000 बचत खात्यातच राहू द्या. व्याजाचे वाचलेले महिना 909 रुपयेही तिथेच. चौथ्या महिन्यात एसआयपी पुन्हा चालू.

पत्रात विम्याबद्दल काही नाही. पॉलिसी काढून 15 लाखांचं मालक-चालक अपघात संरक्षण चालू आहे ना ते बघा, आणि होज बदलणार असल्याचं विमा कंपनीला ईमेलने कळवून ठेवा.

9,000 च्या कोटेशनमध्ये काय काय येतं तेही विचारा. एबीएसच्या गाडीत लिव्हर किंवा पेडलकडून मॉड्युलेटरला (एबीएसचा ऑइलचा दाब सांभाळणारा भाग) एक पाइप आणि तिथून कॅलिपरला (चाकाजवळ पॅड दाबणारा भाग) दुसरा, असं दोन्ही चाकांना असतं. सगळे तुकडे धरले आहेत का? नवे वॉशर, ऑइल, एबीएससह एअर काढण्याची मजुरी? बसवून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून होज कुठे ताणला किंवा घासला जात नाही ना ते स्वतः बघा, टाकीवर ऑइल सांडलं असेल तर लगेच पाण्याने धुऊन घ्या, ते रंग खातं. आणि आंबा घाटाआधी दोन-चार दिवस गावातच चालवा.