घरी पाळायला सगळ्यात आक्रमक पिरान्हा कोणता? मित्रांसमोर जिवंत मासे खायला घातले तर चालतात का?

‘मित्रांसमोर’ हे वाचलं आणि राहवलं नाही.

जातीचं विचाराल तर ब्लॅक पिरान्हा, म्हणजे सेरासाल्मस रॉम्बियस. २०१२ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या चाव्याचा जोर मोजला, तो ३२० न्यूटनपर्यंत गेला. पण हा गडी एकटाच ठेवायचा. सोबतीला दुसरा रॉम्बियस किंवा दुसरा कुठलाही मासा टाकलात, तर आज ना उद्या त्याचा फडशा पडणार. कळप हवा असेल तर रेड बेली, कॅरिबा किंवा पिराया या पिरान्हाच्या दुसऱ्या जाती घ्या. मात्र रेड बेली कळपात राहतात ते मुख्यतः जीव वाचवायला. नदीत केमन (मगरीच्या जातीचा प्राणी) आणि डॉल्फिन त्यांना खातात. गट लहान केला की त्यांचे कल्ले भराभर हलायला लागतात.

माझ्याकडे रॉम्बियस आहे. आणला तेव्हा चंदेरी होता, अंगावर ठिपके, डोळे फिके. आता काळपट झालाय आणि डोळे लालभडक. दिवसभर लाकडामागे उभा असतो. दिवा मंद केला की पुढे येतो, खाली जाणारा कोळंबीचा तुकडा आधी नुसता बघतो, तिरका होतो, आणि एका चाव्यात अर्धा तुकडा गायब. उरलेल्याची कड सरळ कापलेली.

माझ्या आतेभावाला हे कधी पटलंच नाही. पिरान्हा म्हटलं की पाणी खवळलं पाहिजे, लाल झालं पाहिजे. “भित्रा आहे रे तुझा मासा,” हे त्याने घरातल्या प्रत्येक कार्यात चारचौघांत ऐकवलं. एकदा मी बाहेरगावी असताना घराची चावी त्याच्याकडे होती. परत येऊन बघतो तर टँकमध्ये गोल्डफिश सोडलेले. एक मेलेला तरंगत होता, बाकीचे कोपऱ्यात दाटीने, शेपट्या कुरतडलेल्या. मित्रांना बोलावून तमाशा केला होता. नंतर रॉम्बियसच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत नेलं, पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन जादा लावला, पाणी बदलत राहिलो. वाचला, पण कितीतरी दिवस अन्नाला तोंड लावत नव्हता.

आतेभाऊ अजून म्हणतो, “नदीत त्याला कोळंबी सोलून कोण देतं?” कोणी देत नाही. पण नदीत त्याला दुकानातले रोगट फीडर, म्हणजे खायला घालायला विकतात ते स्वस्त मासेही मिळत नाहीत. तिथे तो दुसऱ्या माशांच्या परांचे तुकडे तोडून खातो, लहानपणी तर जास्तच. गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं, ते बी १ जीवनसत्त्वाचा नाश करतं; सतत तेच घातलं तर मासा खंगतो. कोळंबी, समुद्री माशाचे काप, पेलेट्स द्या. जिवंत मासे घालणं ही माशाची गरज नसते, बघणाऱ्यांची असते. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, तुम्हालाही सांगतो.

बाकी थोडक्यात. रॉम्बियसला चार फुटांचा टँक सुरुवातीला पुरतो, पुढे सहा फुटी लागेल. फिल्टर दणकट हवा, कारण हे मासे खाताना फार घाण करतात. हीटरची वायर चावतात, म्हणून हीटर सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या वेगळ्या टाकीत ठेवा. घेताना दात बघा: चौकोनी, दाढांसारखे असतील तर तो पाकू, पिरान्हा म्हणून खपवतात. टँकमध्ये हात घालताना मासा कुठे आहे ते बघूनच घाला. आणि कंटाळलात म्हणून नदीत किंवा तळ्यात अजिबात सोडू नका.

आधी सांगायला हवं होतं ते हे: अनेक देशांत आणि अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत पिरान्हा पाळायला बंदी आहे. तुमच्याकडे असेल तर वरचं सगळं सोडून द्या, दुसरा मासा बघा.