राष्ट्रपतिपदाचा दर्जा खरंच घसरला आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे की, राधाकृष्णन यांच्यासारखे विद्वान जिथे बसले, तिथे आता पक्षाचे कार्यकर्ते बसतात, तर दर्जा घसरला असं म्हणायचं का? माझं उत्तर: घसरला आहे, पण तुम्ही मोजपट्टी चुकीची लावताय.

विद्वत्तेचंच बघा. डॉ. कलामांपेक्षा लोकप्रिय राष्ट्रपती आपण पाहिलेला नाही. तरी मे २००५ मध्ये बिहार विधानसभा विसर्जित करण्याच्या शिफारशीला त्यांनी मॉस्कोत असताना रातोरात संमती दिली, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवलं. याउलट ग्यानी झैलसिंग. औपचारिक शिक्षण बेताचंच आणि इंदिराजींवरच्या निष्ठेबद्दल देशभर टिंगल. पण लोकांची पत्रं उघडून बघण्याचा अधिकार सरकारला देणारं टपाल विधेयक संसदेने मंजूर करून पाठवलं, तेव्हा या गृहस्थांनी त्यावर शेवटपर्यंत सही केली नाही. के. आर. नारायणन हे तर काँग्रेसचे खासदार आणि मंत्री राहिलेले. त्यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि १९९८ मध्ये बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठवली. एकदा गुजराल सरकारची, एकदा वाजपेयी सरकारची. मला विचाराल तर कसोटी हीच: समोर आलेला कागद परत पाठवण्याची धमक आहे का?

घसरण झाली ती निवडीच्या पद्धतीत. १९५० मध्ये नेहरूंना राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) हवे होते, पक्षाने राजेंद्रप्रसादांचा आग्रह धरला आणि पंतप्रधानांना ऐकावं लागलं. पुढे हिंदूंच्या विवाह-वारसा कायद्यात सुधारणा करणाऱ्या हिंदू कोड बिलावर राजेंद्रबाबूंनी नेहरूंशी उघड मतभेद दाखवले. म्हणजे नको असलेला माणूस पंतप्रधानांनी चालवून घेतला!

हे १९६९ मध्ये संपलं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, पण इंदिरा गांधींनी 'अंतरात्म्याचा आवाज' ऐकून मत द्या म्हटलं आणि अपक्ष व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निसटते निवडून आले (या निवडणुकीत खासदार-आमदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात आणि प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असतं). तिसरे कोण होते हे आपल्याकडेही फार जणांना आठवत नाही. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलेला माणूस. पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मूल्याची मतं मिळाली. त्यांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता, त्यामुळे तेही काही निव्वळ गुणवत्तेवर उभे नव्हते, हे मान्य. पण त्यानंतर पंतप्रधानांची पसंती हाच बहुतेक वेळा निकाल ठरला. त्याचं फळ २५ जून १९७५ च्या रात्री दिसलं. फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीवर सही केली, मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून तर ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला.

हल्ली उमेदवार ठरतो तो कोणत्या समाजाला, कोणत्या राज्याला काय संदेश जाईल यावर. त्यात आपणही मागे नाही. २००७ मध्ये भाजपसोबत असूनही शिवसेनेने भाजपचा पाठिंबा असलेल्या भैरोंसिंह शेखावतांना सोडून प्रतिभाताई पाटलांना मतं दिली, कारण मराठी माणूस. मलाही तेव्हा बरंच वाटलं होतं. उपेक्षित समाजातली व्यक्ती तिथे पोचणं ही लहान गोष्ट नाही. माझा आक्षेप एवढाच की उमेदवाराने आधी कुठे, कुणाला 'नाही' म्हटलंय, हे कोणी विचारतच नाही.

आणि गंमत म्हणजे या निवडणुकीत व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, लागू होत नाही, मतदान गुप्त असतं. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आहे. तुमच्या तेव्हाच्या आमदाराने २०२२ मध्ये मत कुणाला दिलं आणि का, हे त्यांना एकदा विचारून बघा. कुणाला ते कदाचित सांगणार नाहीत, पण 'का'चं उत्तर काय येतं ते मलाही ऐकायला आवडेल.