पैठण्यांचे ६०० फोटो संकेतस्थळासाठी एकगठ्ठा लहान कसे करावेत? रंग बिघडता कामा नयेत.

दादरच्या आपल्या दुकानातील पैठण्यांचे ६०० फोटो, प्रत्येकी चार-पाच एमबींचे, आहेत तसेच संकेतस्थळावर चढवल्यामुळे मोबाईलवर पान उघडता उघडत नाही, असे आपण लिहिले आहे. गिरगावात साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो तयार करण्याचे काम मी करते, त्या अनुभवावरून सांगते.

बहुतेक जण आधी क्वालिटीचा, म्हणजे फोटो किती दाबायचा हे ठरवणारा, आकडा खाली ओढतात. माझ्या मते ते नंतरचे काम आहे. ४००० बाय ३००० च्या फोटोत १ कोटी २० लाख पिक्सेल असतात आणि तोच फोटो १६०० बाय १२०० केला की १९ लाख २० हजार उरतात, म्हणजे सहाव्या हिश्शाहूनही कमी. मोबाईलवर साडी पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला एवढे पुरेसे होते. यादीतील लहान चित्रांसाठी मात्र ४०० पिक्सेल रुंदीची वेगळी प्रत करावी, कारण मोठा फोटो पानावर लहान दाखवला तरी डाउनलोड तो पूर्णच होतो.

एकगठ्ठा कामासाठी इमेजमॅजिक हे मोफत साधन उत्तम आहे. त्यातील मॉग्रिफाय ही आज्ञा अख्खे फोल्डर एका ओळीत हाताळते, परंतु वेगळ्या फोल्डरचा पत्ता दिला नाही, तर ती मूळ फाइलींवरच लिहिते. हे नीट न वाचता मी ती एकदा चालवली आणि लग्नसराईच्या एका संपूर्ण संचाचे मूळ फोटो गमावले. कॅमेऱ्याचे कार्ड अजून पुसलेले नव्हते, म्हणून निभावले. तेव्हा आधी प्रत काढावी.

फोटोत दडलेली माहिती काढून टाकणारा स्ट्रिप हा पर्याय जरूर वापरावा, कारण फोनच्या फोटोत घराचे किंवा दुकानाचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. मात्र त्याच्याबरोबर रंगांचे प्रोफाइलही, म्हणजे फोटोतील रंग कसे दाखवायचे याची नोंदही, जाते. आयफोनचे फोटो बहुधा डिस्प्ले पी-३ या अधिक गडद रंग मावणाऱ्या रंगपद्धतीत असतात आणि प्रोफाइल नसले की ब्राउझर त्यांना एसआरजीबी, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीतले, समजतो, त्यामुळे राणी रंग फिका पडतो. फोटो उभा की आडवा ही नोंदही स्ट्रिपने जाते, म्हणून फोटो आधी सरळ करून घ्यावा, मग त्याचे रंग एसआरजीबीमध्ये रूपांतरित करावेत आणि त्यानंतरच स्ट्रिप चालवावे.

आता आपल्या मालाची खरी अडचण. जेपेगमध्ये उजेड आणि रंग वेगवेगळे साठवले जातात आणि आपला डोळा रंगाच्या बारकाव्यांबाबत कमी चोखंदळ असल्यामुळे सहसा चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद ठेवली जाते, ज्याला ४:२:० म्हणतात. समुद्राच्या किंवा माणसांच्या फोटोत हे खपून जाते; पण लाल पदरावरचा हिरवा मोर घेतला, तर दोन रंगांची कड फुटते आणि विणकर ज्या रेषेसाठी डोळे घालवतो, नेमकी तीच धूसर होते. इमेजमॅजिकमध्ये क्वालिटी ९० च्या खाली गेली की ही काटछाट आपोआप लागू होते, म्हणून काठ-पदराच्या जवळून घेतलेल्या फोटोंसाठी ४:४:४, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमागे रंगाची नोंद, स्पष्टपणे मागावे. फाइल थोडी वाढते, वाढू द्यावी. वेबपी या जेपेगसारख्याच दुसऱ्या फोटो-प्रकारात फाइल बहुधा आणखी लहान होते, परंतु त्याचा नेहमीचा, तपशील गमावणारा प्रकार ४:२:० शिवाय चालतच नाही. तेथे शार्प वायूव्ही हा पर्याय लावल्यास कडा बऱ्याच सावरतात.

क्वालिटीसाठी मी ८० पासून सुरुवात करते. लाल, राणी, काळी आणि मोतिया अशा आठ-दहा साड्या निवडून त्या स्क्वूश या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साधनात मूळ फोटोशेजारी ठेवून पाहाव्यात आणि जो आकडा त्या सगळ्यांना मानवेल तोच ६०० फोटोंना लावावा. विणकरांकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवत असाल, तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. फोटो म्हणून आलेली प्रत वाटेतच एकदा दाबली गेलेली असते आणि तिच्यातील जरीचे गेलेले बारकावे कोणत्याही साधनाने परत येत नाहीत.